एका सत्रापुरते परदेश : हो म्हणण्यापूर्वी आणि नाही म्हणण्यापूर्वी

मराठवाड्यातील एखाद्या बाजारपेठेच्या गावी असलेले एक घर डोळ्यांसमोर आणावे. खाली धान्याची अडत, वर राहते घर. आजी पहाटे सामायिकाला बसतात, आजोबा आता दुकानी केवळ सकाळच्या प्रहरी येतात. थोरला मुलगा गादीवर बसू लागला आहे आणि धाकटी कन्या पुण्यात वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका संध्याकाळी तिचा फोन येतो. महाविद्यालयाचा जर्मनीतील एका विद्यापीठाशी करार आहे, एप्रिल ते जुलै या सत्रासाठी तिची निवड झाली आहे, आणि होकार दहा दिवसांत कळवायचा आहे.

घर क्षणभर स्तब्ध होते. मग प्रत्येकाच्या मुखातून प्रश्न निघतो, आणि प्रत्येकाचा वेगळा. पप्पा विचारतात, "खर्च किती?" आई विचारते, "जेवणाचे काय?" भाऊ म्हणतो, "मार्चअखेरचे हिशेब, जीएसटीचे विवरण ती पाहते, तेव्हा कोण पाहणार?" आणि आजी विचारतात, "आजारी पडली तर पाणी कोण देईल?" या चारही प्रश्नांत उणे काहीच नाही. उणीव असते ती एवढीच, की बहुतेक घरांत हे प्रश्न उत्तरे शोधण्यासाठी विचारले जात नाहीत, नकार सौम्य करण्यासाठी विचारले जातात. किंवा याच्या उलट घडते. शेजारच्या घरातील मुलगा गेला म्हणून आपल्याही घरातून कोणी जावे, एवढ्या आधारावर होकार दिला जातो.

समुद्र आपल्याला नवा नाही

परदेशगमनाचा प्रश्न जैन कुळांपुढे आज प्रथम आलेला नाही. ज्ञाताधर्मकथेत चंपानगरीच्या अर्हन्नक नावाच्या श्रावकाची कथा येते. तो गलबत भरून समुद्रमार्गे व्यापारास निघाला होता. भर समुद्रात एका देवाने भयंकर रूप धारण करून त्याला धर्म सोडण्यास सांगितले, तरी तो ढळला नाही. कथाकाराने त्याच्या समुद्रप्रवासाला दोष दिला नाही. त्याची कसोटी प्रवासात त्याने काय सांभाळले, यावर लागली.

अर्वाचीन काळात विरचंद राघवजी गांधी यांचे उदाहरण आहे. 1893 साली शिकागो येथे सर्वधर्मपरिषद भरली. आचार्य विजयानंदसूरी, म्हणजेच आत्मारामजी महाराज, यांना आमंत्रण होते. परंतु मुनींना वाहनाने प्रवास निषिद्ध असल्याने जैन समाजाचे प्रतिनिधी म्हणून विरचंदभाई गेले. समुद्र ओलांडला म्हणून स्वसमाजातील सनातनी मंडळींचा रोषही त्यांना सोसावा लागला. त्याआधी पाच वर्षे, 1888 मध्ये, मोहनदास गांधी विलायतेस निघाले तेव्हा मातेची शंका दूर झाली ती बेचरजी स्वामी या जैन साधूंमुळे. त्यांनी मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली आणि मग पुतळीबाईंनी अनुमती दिली. त्या घरात 'जा' किंवा 'जाऊ नको' याच्या मधला एक तिसरा मार्ग निघाला : मर्यादा ठरवून जा.

मुलींच्या बाबतीत महाराष्ट्राला दुसरे एक नाव ठाऊक आहे. इरावती कर्वे 1928 मध्ये बर्लिनला गेल्या आणि 1930 मध्ये तेथील डॉक्टरेट घेऊन परतल्या. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांचाच, म्हणजे त्यांच्या सासऱ्यांचा, या जाण्याला विरोध होता. पती दिनकर पाठीशी उभे राहिले. थोर माणसालाही आपल्या घरचा प्रश्न आला की भय वाटते, हे यातून उमगावे. भय वाटणे हा अपराध नाही. ते नेमके कशाचे आहे, हे मात्र शोधले पाहिजे.

पहिला हिशेब : सत्र वाया तर जात नाही ना?

व्यापारी घरात पैशाचा प्रश्न आधी निघतो. वास्तविक तो दुसरा असावा. पहिला प्रश्न श्रेयांकांचा आहे. युरोपात एका सत्राचे 30 व एका वर्षाचे 60 श्रेयांक धरले जातात, आणि जर्मनीत एका श्रेयांकामागे सुमारे 30 तासांचा एकूण अभ्यास गृहीत असतो. आपल्याकडील राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे 40 श्रेयांक आहेत, म्हणजे सत्राचे 20. याचा अर्थ तिकडचे तीन श्रेयांक म्हणजे स्थूलमानाने इकडचे दोन. मुलीने तिकडे सोपे जावे म्हणून 20 श्रेयांकांचेच विषय घेतले, तर परतल्यावर तिच्या खात्यात 13-14 जमा होतील आणि उरलेले विषय पुढील वर्षाच्या डोक्यावर बसतील.

म्हणून निघण्यापूर्वी अभ्यासाचा करारनामा लेखी असावा. त्यावर विद्यार्थिनी, येथील महाविद्यालय व तेथील विद्यापीठ या तिघांच्या स्वाक्षऱ्या असाव्यात. तिकडचा कोणता विषय इकडच्या कोणत्या विषयाऐवजी धरला जाईल, हे त्यात विषयवार लिहिलेले असावे. 'परत आल्यावर बघू' हे तोंडी आश्वासन ज्या व्यापाऱ्याने उधारीत कधी मानले नाही, त्याने ते येथेही मानू नये. गुणांची पद्धतही समजून घ्यावी. जर्मनीत 1.0 हा सर्वोत्तम गुण असून 4.0 ला जेमतेम उत्तीर्ण मानतात. चार मिळाले म्हणून पेढे वाटण्याची घाई नको!

सनदी लेखापालाची परीक्षा देणाऱ्या मुलामुलींनी आणखी एक गोष्ट पाहावी. इंटरमीजिएट परीक्षा आता जानेवारी, मे व सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा होते. एप्रिल ते जुलै परदेशी राहिल्यास मे महिन्याची संधी जाते, सप्टेंबरची राहते. हा तोटा चार महिन्यांचा आहे, वर्षाचा नाही. पण तो आधी ठाऊक असला म्हणजे नंतर खंत उरत नाही.

दुसरा हिशेब : जमा आणि नावे

देवाणघेवाण करारानुसार जाणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा तिकडचे शिक्षणशुल्क द्यावे लागत नाही. तो आपल्या महाविद्यालयाचे शुल्क भरत राहतो. युरोपीय संघाच्या 1987 साली सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेचा विस्तार आता भारतासारख्या देशांपर्यंत झाला आहे. तिच्यातून निवड झाल्यास मासिक निर्वाहभत्ता व प्रवासखर्चाला साहाय्य मिळते. मात्र त्यासाठी आपल्या महाविद्यालयाचा तसा करार असावा लागतो. निवडीच्या पत्रात 'शुल्कमाफी' आहे की 'शिष्यवृत्ती', हे दोन शब्द वेगळे वाचावेत. पहिल्यात शुल्क वाचते, हाती काही येत नाही.

निर्वाहाचे प्रमाण म्हणून जर्मन सरकार व्हिसासाठी एका विशेष बँक खात्यात रक्कम ठेवण्यास सांगते. सप्टेंबर 2024 पासून हे प्रमाण महिन्याला 992 युरो, म्हणजे वर्षाला 11,904 युरो आहे. सहा महिन्यांचा मुक्काम धरल्यास 5,952 युरो होतात. ही रक्कम बुडत नाही. मुलीला ती दरमहा ठरावीक हप्त्याने खर्चासाठी मिळते. तिच्याशिवाय विमानभाडे, आरोग्यविमा, व्हिसाशुल्क आणि खोलीची अनामत लागते. ही अनामत कायद्याने मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत मागता येते. युरोचा भाव वर्तमानपत्रात वाचून हिशेब करू नये. बँक ज्या भावाने विकते, तोच खरा भाव.

परदेशी रक्कम पाठवण्याची मर्यादा दर व्यक्तीमागे आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. एप्रिल 2025 पासून दहा लाख रुपयांपर्यंतच्या पाठवणीवर उगमकर संकलन नाही. परंतु हे दहा लाख एका पॅनवर, त्या वर्षातील सर्व कारणांसाठी मिळून मोजले जातात. पप्पांनी त्याच वर्षी परदेशी सहलीचे पैसे पाठवले असतील, तर तेही त्यात येतील. घरच्या लेखापालाला हे आधीच विचारून ठेवावे.

तिसरा हिशेब : सूर्य केव्हा मावळतो?

आईच्या प्रश्नाचे उत्तर पंचांगात व नकाशात दडलेले आहे. जर्मनीतील हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबर ते फेब्रुवारी चालतात, उन्हाळी सत्राची एप्रिल ते जुलै. डिसेंबरात बर्लिनला सूर्य दुपारी चारच्या आतच मावळतो. वर्गातून बाहेर पडेपर्यंत रात्रिभोजनत्यागाची वेळ टळून गेलेली असते. जूनमध्ये मात्र सूर्यास्त साडेनऊच्या सुमारास होतो. जिला हा नियम पाळायचा आहे, तिच्यासाठी उन्हाळी सत्र कितीतरी सुकर आहे. शिवाय जुलैअखेर परतल्यास पर्युषण व दशलक्षण पर्व घरीच साजरे होते. आयंबिलची चैत्री ओळी आणि अक्षय्य तृतीया मात्र बहुधा तिकडे येतील, एवढे मनाशी धरावे.

आहाराचे म्हणाल तर शाकाहार तेथे कठीण नाही, कंदमूळत्याग कठीण आहे. बाहेरच्या जेवणात बटाटा आणि कांदा सर्वत्र असतो. म्हणून स्वयंपाकघर असलेली खोली ही चैन नव्हे, ती पहिली अट समजावी. युरोपीय संघाच्या नियमानुसार वेष्टित पदार्थांवर घटकांची यादी असते आणि त्यांतील दूध, अंडे यांसारखे घटक ठळक छापावे लागतात. जिलेटिनचे नाव मात्र यादीत शोधावे लागते, आणि चीजमधील रेनेटविषयी विचारावे लागते. कार्टोफेल म्हणजे बटाटा, त्स्वीबेल म्हणजे कांदा, क्नोब्लाउख म्हणजे लसूण, आणि ओहने म्हणजे विना. हे चार शब्द विमानात बसण्यापूर्वी पाठ असावेत. वरण, भात, पोळी आणि दोन भाज्या स्वतःला करता येत नसतील, तर ती शिकवणी आजपासूनच सुरू व्हावी. मुलगा जाणार असेल तर दोन महिने आधी.

श्रावकाचे मोजमाप

निर्णय कोणत्या मापाने करावा, यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. श्रावकाच्या गुणव्रतांत दिग्व्रत आहे : कोणत्या दिशेला किती अंतरापर्यंत जायचे, याची मर्यादा स्वतः आखून घेणे. पाय बांधून ठेवणे हा त्याचा हेतू नव्हे. जाणाऱ्याला आपली सीमा ठाऊक असावी, हा हेतू आहे. त्याच गुणव्रतांत अनर्थदंडविरमण आहे : प्रयोजनावाचून काही न करणे. एका सत्राच्या परदेशगमनाला हे दोन्ही निकष चपखल लागू पडतात. कशासाठी जायचे, कुठवर जायचे, आणि काय सोडायचे नाही?

'कशासाठी' याचे उत्तर मुलीने स्वतः अर्ध्या पानात लिहावे. कोणता विषय तेथे आहे जो येथे नाही? भाषा, प्रयोगशाळा, एखादा प्राध्यापक, एखादा उद्योग? ज्या दुकानाचा माल उद्या परदेशी जाऊ शकतो, त्या दुकानाला तेथील ग्राहक कसा विचार करतो हे पाहून आलेले माणूस घरात असणे, हेही प्रयोजन होऊ शकते. जर्मनीशी आपले आणखी एक नाते आहे, ते येथे विसरू नये. 1879 मध्ये कल्पसूत्राची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध करणारे हर्मन याकोबी जर्मन होते, आणि बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात जैन हस्तलिखितांचा मोठा संग्रह आजही जपलेला आहे. घरी आजींच्या मुखातून ऐकलेले शब्द परक्या नगरीतील ग्रंथालयात जुन्या लिपीत पाहणे, हा अनुभव अभ्यासक्रमात नसला तरी मोलाचा आहे.

अर्धे पान भरलेच नाही, तर न जाणे हाच सुज्ञ निर्णय होय. तसे ठरले तर त्यात कमीपणा नाही. करार विषयवार नसेल, प्रकृती साथ देत नसेल, घरात कोणाचे मोठे आजारपण सुरू असेल, तर पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी जाता येते, किंवा तीन-चार आठवड्यांच्या उन्हाळी वर्गाने सुरुवात करता येते. एक संधी गेली म्हणून आयुष्य थांबत नाही. मात्र 'लोक काय म्हणतील' किंवा 'स्थळे येऊ लागली आहेत' एवढेच कारण असेल, तर ते उघडपणे मुलीसमोर बोलावे. खर्चाच्या आडून बोलू नये. चार महिन्यांच्या अनुपस्थितीने जे स्थळ हातचे जाते, ते फार काळ टिकणारे होते का, हाही विचार व्हावा.

दहावा दिवस

पुन्हा त्या घराकडे वळू. नऊ दिवसांत पप्पांनी वहीच्या एका पानावर जमा आणि नावे लिहून काढले आहे. भावाने मार्चचे काम आधी उरकून घेण्याचे व पुढील विवरणे स्वतः शिकण्याचे मान्य केले आहे, आणि हा या सर्व प्रकरणातील अनपेक्षित लाभ म्हणावा. महाविद्यालयाने पाचपैकी चार विषयांचे लेखी मान्य केले आहे. पाचव्याचे अजून नाही, आणि ते आल्याखेरीज तिकीट काढायचे नाही, हे मुलीनेच सांगितले आहे.

उरतो आजींचा प्रश्न. आरोग्यविम्याचे कार्ड, विद्यापीठाच्या साहाय्य कक्षाचा क्रमांक, सोबत जाणारी दुसरी विद्यार्थिनी, सारे त्यांना दाखवून झाले आहे. त्यांनी ते ऐकून घेतले, पण समाधान झाले नाही. पाणी देणारा हात कार्डात नसतो, हे त्यांना ठाऊक आहे.

दहाव्या दिवशी सकाळी त्या नातीला जवळ बसवतात. "तिथं दिवस कधी उगवतो, ते मला रोज कळव," त्या म्हणतात. "मी इथं सामायिकाला बसले की तुझी आठवण येईल. तू उठलीस की फोन कर. एक दिवस चुकला तर चालेल, दोन दिवस नको."

"हो, आजी."

"आणि मूग सोबत ने. आजारी पडलीस तर मुगाचं पाणी तुझं तुलाच करून घ्यावं लागेल. ये, आत्ताच दाखवते."

दोघी स्वयंपाकघराकडे वळतात. होकाराचे पत्र पप्पा दुपारी पाठवतात, पाचव्या विषयाची अट त्यात लिहूनच.