वहीतल्या संघांची अदलाबदल

सप्टेंबर २०२५ मध्ये एक पालक शाळेच्या कार्यालयात आले. हातात मुलाची दोनशे पानी वही होती. ती टेबलावर ठेवून ते म्हणाले, "सर, सरकारने मोबाइलवरचा जुगार बंद केला म्हणतात, आणि इथे आठवीची पोरे वहीत तोच खेळ मांडून बसली आहेत."

आम्ही वही उघडली. पुढून गणित होते, थोडेसेच. मागून मात्र तीस-पस्तीस पाने भरगच्च लिहिलेली. चार मुलांनी प्रो कबड्डीतले खरे खेळाडू आपसांत वाटून घेऊन चार संघ केले होते. प्रत्येकाकडे दहा खेळाडू, त्यांतले सात खेळणारे व तीन राखीव. रात्री टीव्हीवर त्या खेळाडूने जितके गुण मिळवले तितके सकाळी वहीत जमा. आठवड्याला बेरीज. हरणाऱ्याने शनिवारी जिंकणाऱ्याची सायकल पुसायची, एवढीच पैज. अशा खेळाला फँटसी लीग म्हणतात, आणि अमेरिकेत बेसबॉल व बास्केटबॉलवर ती कितीतरी वर्षे खेळली जात आहे. आपल्याकडे ती मोबाइलवर पैसे लावून खेळली जाऊ लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावण्याचे ऑनलाइन खेळ बंद केले. पालकांची काळजी चुकीची नव्हती. पण या वहीत पैसा कुठेच नव्हता. आम्ही त्यांना चहा दिला व वही दोन दिवस ठेवून घेतली.

खरे सांगायचे तर वही ठेवून घेण्याचे कारण वेगळे होते. तिच्यातल्या एका पानावर इतक्या जोरात काट मारली होती की कागद फाटला होता. त्या पानावर लिहिले होते, "धोका. सौदा रद्द." चौकशी केली तेव्हा समजले की वर्गातल्या दोन जिवलग मित्रांचे आठ दिवसांपासून बोलणे बंद आहे.

सौदा असा होता. पहिल्या मुलाने आपले दोन मध्यम खेळाडू दिले. दोघेही सामन्याला सरासरी ६ गुण मिळवणारे. (आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे तोंडात अजून 'औसत' येते. मुले हसतात.) बदल्यात त्याने दुसऱ्याचा एक नावाजलेला चढाईपटू घेतला, सरासरी १० गुणांचा. अदलाबदल झाली, आणि तो चढाईपटू पुढचे तीन सामने दुखापतीमुळे खेळलाच नाही. त्या खेळाडूचे नाव येथे देत नाही, त्या बिचाऱ्याचा यात काय दोष?

आता प्रश्न असा, की सौदा खरोखर वाईट होता का? शुक्रवारी आठवीच्या तासाला आम्ही तो फळ्यावर मांडला.

मुलांचे पहिले उत्तर लगेच आले, "सर, सहा आणि सहा बारा. बारा देऊन दहा घेतले, म्हणजे दोनाचा तोटा." वर्गातल्या बहुतेकांनी हात वर केले. हे उत्तर चुकीचे आहे, कारण मैदानात जागा सातच असतात. पहिल्या मुलाने दोन खेळाडू दिले व एक घेतला, म्हणजे त्याची एक जागा मोकळी झाली. त्या जागेवर त्याचा राखीव खेळाडू आला, जो सामन्याला ४ गुण मिळवत होता. म्हणजे अगोदर ६ व ६ मिळून १२, आता १० व ४ मिळून १४. तोटा नव्हे, दोन गुणांचा फायदा.

मग दुसऱ्याचा तोटा झाला असेल? तोही नाही. त्याच्या सातांमधला सर्वांत कच्चा खेळाडू सामन्याला एकच गुण आणत होता. अगोदर १० व १ मिळून ११. आता चढाईपटू गेला, कच्चा खेळाडू बाहेर बसला, आणि त्या दोन जागांवर ६ व ६ आले, म्हणजे १२. त्यालाही एका गुणाचा फायदा. वर्गात गडबड सुरू झाली. दोघांचाही फायदा कसा होईल, कोणीतरी फसलेच पाहिजे, असे मुलांना वाटते. मोठ्यांनाही वाटते. पण एकाकडे राखीव खेळाडू चांगला होता व दुसऱ्याकडे एक जागा जवळजवळ रिकामी होती. एकच सौदा दोन घरांत दोन वेगळ्या गरजा भागवत होता. खेळाडूचा भाव त्याच्या कपाळावर लिहिलेला नसतो. तो कोणत्या जागेवर येतो व त्या जागेवर अगोदर कोण होते, यावर ठरतो.

प्रो कबड्डीत याचे मोठे उदाहरण घडले आहे. २०२२ च्या लिलावात तमिळ थलायवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतले, तोवरची सर्वांत मोठी बोली. पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली व त्याचा हंगाम संपला. संघ बुडाला असेच सर्व म्हणाले. पण नरेंद्र नावाचा एक नवखा चढाईपटू पुढे आला, त्याने त्या हंगामात दोनशेहून अधिक गुण मिळवले, आणि हा संघ इतिहासात प्रथमच उपांत्य फेरीत पोचला. तेथे पुणेरी पलटणने त्यांना हरवले, तेही दोनच गुणांनी. पवन वाईट खेळाडू होता काय? मुळीच नाही. पण राखीव बाकावर कोण बसले आहे हे पाहिल्याशिवाय कोणाच्याही जाण्यायेण्याचे मोल सांगता येत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईचे. २०१८ च्या हंगामात यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. त्याने दोनशेहून जास्त गुण केले व मुंबा बाद फेरीत गेली. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्यालाच १ कोटी ४५ लाख दिले. तेथेही त्याने दोनशेहून जास्तच गुण केले, पण टायटन्स बाद फेरीच्या जवळपासही आले नाहीत. माणूस तोच, गुण जवळजवळ तेवढेच, किंमत चौपट, आणि निकाल उलटा. जो पैसा एका माणसावर गेला तो बाकीच्या सहांवर खर्चायला उरत नाही.

आता त्या '१०' या आकड्याकडे परत येऊ, कारण खरी मेख तेथे आहे. आम्ही मुलांना विचारले, ही सरासरी किती सामन्यांची? चार सामन्यांची. त्यांतले गुण १९, ८, ७ आणि ६. बेरीज ४०, भागिले ४, सरासरी १०. हिशेब बरोबर. पण तो १९ गुणांचा सामना बाजूला ठेवला तर उरलेल्या तिघांची सरासरी ७ येते. एका रात्री एखाद्याला सगळेच साधते. चार सामन्यांवरून माणसाची पारख करणे म्हणजे जुलैच्या दोन पावसांवरून केळीचे पीक सांगणे. मागच्या हंगामाचे आकडे सोबत धरले की या चढाईपटूची खरी सरासरी ८ च्या आसपास बसत होती.

मग फळ्यावरचे आकडे बदलले. पहिल्या मुलाचे १० व ४ चे १४ जाऊन ८ व ४ चे १२ झाले. त्याने दिलेही बाराच होते. म्हणजे फायदा शून्य. दुसऱ्याने मात्र ८ व १ मिळून ९ देऊन १२ घेतले. दुखापत झाली नसती तरी सौदा दुसऱ्याच्या बाजूने झुकलेला होता. पहिला मुलगा खाली मान घालून वहीच्या कडेला काहीतरी गिरवत बसला होता.

येथे पकड करणाऱ्यांविषयी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण वहीत ही चूक पानोपानी होती. मुले चढाईपटूचे गुण व बचावपटूचे गुण एकाच मापाने मोजत होती. २०२३-२४ च्या हंगामात चढाईत सर्वाधिक गुणांचा आकडा २७६ होता, आणि पकडीत सर्वाधिक ९९. ते ९९ गुण पुणेरी पलटणच्या मोहम्मदरेझा शादलुई या इराणी खेळाडूचे. तो चढाईपटूंच्या तिसरा हिस्सा लायकीचा होता असे कोणी म्हणेल काय? त्याला इतर बचावपटूंशेजारी उभे करावे लागते, तेव्हा त्याची उंची दिसते. ज्वारी किलोवर मोजतो म्हणून दूधही किलोवर मोजले तर भाव कळणार नाही.

शादलुईची पुढची कथाही मुलांना फार आवडली. २ कोटी ३५ लाखांना तो पुण्यात आला आणि मार्च २०२४ मध्ये पलटण प्रथमच विजेती झाली. पुढच्या हंगामासाठी तो २ कोटी ७ लाखांना हरियाणा स्टीलर्सकडे गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तेही प्रथमच विजेते झाले, तर पुणे बाद फेरीतही नव्हते. आता कोणीही म्हणेल की सगळी जादू याचीच. पण पुण्याचा कर्णधार अस्लम इनामदार त्याच हंगामात जखमी होऊन बाहेर गेला होता, हे विसरून चालत नाही. आणि २०२५ मध्ये शादलुई २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला, तेव्हा गुजरात पहिल्या आठांतही आले नाही. एक माणूस, तीन घरे.

वयाचा विचारही मुलांनी कुठेच केला नव्हता. आपल्या भागातले जुने लोक बैलबाजारात काय करतात? प्रथम तोंड उघडून दात पाहतात. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला, यावर सगळा भाव. जुळलेला बैल आज जास्त काम देतो, आदत उद्या देईल. कोणता घ्यावा हे पेरणी किती दिवसांवर आहे यावर ठरते. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयपीएलमध्ये चेन्नईने रवींद्र जडेजा व सॅम करन हे दोघे राजस्थानला देऊन एकटा संजू सॅमसन घेतला. पुष्कळांनी कपाळाला हात लावला. पण जडेजा सदतिशीला टेकलेला, सॅमसन ३१ वर्षांचा, आणि चेन्नईचा यष्टिरक्षक धोनी ४४ वर्षांचा. चेन्नईला उद्याचा यष्टिरक्षक हवा होता, राजस्थानला आजचे दोन अष्टपैलू. आमच्या फळ्यावरच्या दोनास एक या गणिताची ती मोठी आवृत्तीच.

पण बैलबाजारात आणखी एक रीत आहे. बैलाला खोड असेल तर ती सांगून विकायची. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत हे खरे, पण लंगडा बैल सावलीत बसवून ठेवणाऱ्याला पुढच्या बाजारी कोणी उभे करत नाही.

तास संपल्यावर आम्ही दुसऱ्या मुलाला एकट्याला बोलावले व विचारले, "बाळा, सौदा केलास त्याच्या आदल्या रात्री सामना पाहिला होतास?" तो म्हणाला, पाहिला होता. "खेळाडू लंगडत बाहेर गेला ते दिसले होते?" बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, त्याच्याकडे रात्री लाईट नव्हती. त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही."

सौदा रद्द करायचा की नाही यावर आमच्या शिक्षकांतही दोन मते पडली. गणिताच्या सरांचे म्हणणे, सौद्याची पारख सौद्याच्या दिवशीच्या माहितीवर करावी, नंतर पाय मोडला तर तो नशिबाचा भाग. आम्हालाही हे तत्त्व मान्य आहे. फक्त येथे त्या दिवशीची माहिती एकाकडेच होती. म्हणून आम्ही सौदा उलटवला नाही व कायमही केला नाही. दोघांना समोरासमोर बसवून, सगळे आकडे व दुखापतीची बातमी टेबलावर ठेवून, नव्याने बोलणी करायला सांगितले. पाऊण तास चालली. शेवटी पहिल्याने दोनांपैकी एक खेळाडू परत घेतला व जखमी चढाईपटू स्वतःकडेच ठेवला. "बरा झाला की खेळेल," म्हणाला. वहीत नियम वाढला, की कोणताही सौदा दोन दिवस कच्चा राहील, आणि त्या दोन दिवसांत दोघांनीही वाचनालयातले वर्तमानपत्र पाहायचे.

वही पालकांना परत केली. त्यांनी पाने चाळली व विचारले, "गणिताच्या पेपरात हे येते का?" सरासरी येते, असे आम्ही सांगितले.

डिसेंबरात शाळेच्या आंतरवर्गीय कबड्डीच्या वेळी तीच चौघे पुन्हा आली. या वेळी आपल्याच शाळेच्या खेळाडूंवर लीग चालवू, सर, म्हणाली. कोरी वही आणली होती, पहिल्या पानावर नावे व भावही लिहून झाले होते. सहावीतल्या एका लठ्ठ मुलाच्या नावापुढे 'फुकट' असे लिहिले होते. ते पान आम्ही त्यांच्यासमोर फाडले व सांगितले की शिकवल्याप्रमाणे हवे तेवढे सौदे करा, पण वहीत या शाळेतले एकही नाव येणार नाही. ती नाराज झाली. त्यांतल्या एकाने विचारले, "सर, मग शिक्षकांची क्रिकेट टीम चालेल का?" त्याचे उत्तर आम्ही अजून दिलेले नाही.