यकृत

मानवी शरीरातील सर्वांत मोठी ग्रंथी. ती उदरगुहेच्या वरच्या उजव्या भागात, मध्यपटलाखाली व बरगड्यांच्या आड असते. प्रौढ व्यक्तीत तिचे वजन सु. १·५ किग्रॅ. भरते. व्यवहारात यकृतास ‘काळीज’ म्हणतात; हाच शब्द हृदयासाठीही रूढ असल्याने त्याचा अर्थ संदर्भावरून ठरवावा लागतो.

रचना व कार्य : उजवा (मोठा) व डावा असे यकृताचे दोन प्रमुख खंड असतात. त्यास दर मिनिटास सु. १·५ लि. रक्त मिळते, त्यापैकी सु. तीन-चतुर्थांश आतड्यांकडून प्रवेशिका नीलेद्वारे व उरलेले यकृत रोहिणीतून येते. ग्लुकोजाचा साठा करणे, रक्तातील प्रथिने बनविणे, विषारी द्रव्ये निष्प्रभ करणे व पित्तरस स्रवणे ही यकृताची मुख्य कार्ये होत. तांबड्या कोशिकांच्या विघटनातून निर्माण होणारे बिलिरुबीन हे पिवळे रंगद्रव्य पित्तरसातून बाहेर टाकले जाते. यकृत बिघडल्यास किंवा पित्तमार्ग अडल्यास ते रक्तात साचून डोळे, त्वचा व लघवी पिवळी होते. यासच कावीळ म्हणतात. ती स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे.

प्राचीन कल्पना : रोग्याचा पिवळेपणा पोपटादी पक्ष्यांकडे धाडण्याचे सूक्त अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात आहे. बॅबिलोनियात बळी दिलेल्या मेंढीच्या यकृतावरून शकुन पाहत. आयुर्वेदात यकृत व प्लीहा ही रक्तवह स्रोतसांची मूळस्थाने मानली आहेत. मार्ग रुद्ध झालेल्या कामलेत मल तिळाच्या पिठासारखा होतो, असे चरकसंहितेत नमूद आहे. पित्त आतड्यात न पोहोचल्यास मल फिकट होतो, या आधुनिक निरीक्षणाशी ते जुळते.

लोकोपचार : खानदेशात, तसेच महाराष्ट्राच्या इतर ग्रामीण भागांतही, मंत्राने कावीळ ‘उतरविण्याची’ प्रथा आढळते. रोग्याचे हात चुन्याच्या निवळीत धुतले असता पाणी पिवळे होते व रोग बाहेर पडल्याचे मानले जाते. प्रत्यक्षात हातांस आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असल्यास निरोगी माणसाच्या हातांनीही पाणी पिवळे होते. देवडांगरीचे पाणी नाकात घातल्याने येणारा पिवळसर स्राव हा श्लेष्मकलेच्या दाहाचा परिणाम असतो. दंडावर डाग देण्याने तर जखम व जंतुसंसर्ग तेवढा वाढतो.

या उपचारांस यश आल्यासारखे वाटते, याचे कारण रोगाच्या स्वरूपात आहे. दूषित पाण्यातून पसरणारी अ व ई प्रकारची यकृतशोथजन्य कावीळ बहुतेक रोग्यांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय मांत्रिकास मिळते. कोल्हापूर येथे १९८१ मध्ये व इचलकरंजी येथे २०१२ मध्ये अशा जलजन्य साथी उद्भवल्या होत्या. ई प्रकार गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीत विशेष प्राणघातक ठरतो. ब व क प्रकारांचा संसर्ग दीर्घकाळ टिकून यकृतसूत्रण रोग होऊ शकतो. पित्ताश्मरी किंवा अर्बुद यांमुळे अडलेला पित्तमार्ग मंत्राने मोकळा होत नाही.

म्हणून काविळीचे कारण रक्ततपासणीने वेळीच निश्चित करणे आवश्यक असते. गुंगी, असंबद्ध बोलणे, रक्तस्राव, थंडी वाजून ताप अथवा गरोदरपण यांपैकी काहीही असल्यास रोग्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. शुद्ध पाणी व मलमूत्राची योग्य विल्हेवाट हे अ व ई प्रकारांवरील, तर लसीकरण हे ब प्रकारावरील प्रमुख प्रतिबंधक उपाय होत.