औषधाच्या सोबतीला पुस्तक

गतवर्षी वार्षिक सभेत जमाखर्च वाचून दाखवीत असताना एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, "मानसोपचार विभागाच्या खर्चात कथा-कादंबऱ्यांची खरेदी कशासाठी?" प्रश्न रास्त होता. देणगीच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब देणे हे आमचे कर्तव्यच आहे. कारभार पाहणारे आम्ही वैद्य नव्हे. तथापि आमच्या मानसोपचारतज्ज्ञांशी झालेल्या चर्चेतून जे उमगले, ते देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

नैराश्य म्हणजे चार दिवसांची उदासी नव्हे. दोन आठवडे वा अधिक काळ मन खिन्न राहणे, कशातच गोडी न वाटणे, झोप व भूक बिघडणे, लक्ष न लागणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, ही या आजाराची लक्षणे होत. बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दर २० प्रौढांमागे साधारण एकास आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठते, आणि अशा रुग्णांपैकी बहुसंख्य उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत.

या आजारात मन घाण्याच्या बैलाप्रमाणे त्याच त्या विचारांभोवती फिरत राहते. अशा वेळी "धीर धरा" हा उपदेश ऐकू येतो, पण आत उतरत नाही. चांगली कथा उपदेश करीत नाही; ती दुसऱ्या माणसाच्या मनात नेऊन बसविते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) घ्या. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण शिक्षक हळूहळू तेथला होतो, आणि अखेर दुष्काळात तीच वाडी ओस पडते. लेखक आक्रोश करीत नाही, तात्पर्यही सांगत नाही. वाचणाऱ्याला मात्र स्वतःच्या दुःखासाठी न सापडलेले शब्द तेथे सापडू शकतात. आणि हे दुःख आपल्या एकट्याचे नाही, ही जाणीव होते.

ही कल्पना नवी नाही. सॅम्युअल क्रॉदर्स या अमेरिकन लेखकाने १९१६ सालीच ग्रंथोपचारासाठी 'बिब्लिओथेरपी' हा शब्द वापरला होता. इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे नैराश्यग्रस्तांच्या दोन लहान गटांनी बारा महिने दर आठवड्यास एकत्र बसून साहित्य मोठ्याने वाचले. त्या काळात त्यांच्या मानसिक प्रकृतीत सुधारणा आढळली. परंतु संख्या थोडी होती व तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे अभ्यासकांनीच नमूद केले आहे. ललित साहित्याचे उतारे वाचल्याने इतरांच्या भावना ओळखण्याची क्षमता वाढते, असा एक निष्कर्ष २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. पुढे इतरांनी केलेल्या पडताळणीत तो टिकला नाही. तेव्हा वाचनाने नैराश्य बरे होते, असा दावा आम्ही करीत नाही. वाचन हे उपचारांना पूरक ठरू शकते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आमच्याकडे दर गुरुवारी दुपारी एक सेवानिवृत्त शिक्षिका तासभर कथा वाचून दाखवितात. ऐकणाऱ्यांवर बोलण्याची सक्ती नसते. एक वृद्ध भगिनी तीन गुरुवार खाली मान घालून बसल्या होत्या. चौथ्या गुरुवारी कथा संपल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "त्या बाईला कुणी चहा तरी विचारायला हवा होता." त्यांची मुलगी दाराशी उभी होती, कित्येक दिवसांत आईने आपणहून काढलेले ते पहिलेच वाक्य, असे तिने सांगितले. त्यांची औषधेही चालू होती, त्यामुळे श्रेय कोणास द्यावे हे आम्ही ठरवीत नाही. मात्र त्या दिवसापासून माय-लेकींना बोलावयास एक विषय मिळाला.

नातेवाइकांना आमची विनंती आहे की, पुस्तक हाती देऊन "वाच, बरे वाटेल" असा आग्रह धरू नये. तीव्र नैराश्यात एक पान वाचणेही अशक्य होते, आणि ते न जमल्याने अपराधीपणा वाढतो. त्याऐवजी जवळ बसून दोन पाने आपणच वाचून दाखवावीत. नको म्हटल्यास थांबावे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधे बंद करू नयेत. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कानी आल्यास ती मनावर घ्यावी, रुग्णास एकटे सोडू नये व तत्काळ रुग्णालय गाठावे. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक २०२२ पासून अहोरात्र उपलब्ध आहे.

विश्वस्तांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. पुस्तकांचा खर्च औषधांच्या निधीतून केलेला नाही, व यापुढेही होणार नाही. तो स्वतंत्र शीर्षाखाली दाखविला असून या अहवालातील जमाखर्चात पाहावयास मिळेल. आपल्या घरी वाचून झालेली चांगली पुस्तके असतील तर ती अवश्य द्यावीत. त्याहून मोलाचे दान म्हणजे आठवड्यातील एक तास व स्पष्ट, सावकाश वाचणारा आवाज. त्याची आम्हास नितांत गरज आहे.