सायकलवरून येणारा पाहुणा आणि आपले दुकान

सायकल म्हटली की आपल्या बाजारात दोन माणसे डोळ्यांपुढे येतात. एक शाळेला जाणारी मुलगी आणि दुसरा डबा अडकवून कामावर निघालेला मजूर. एके काळी तिसराही होता, कॅरिअरवर कापडाचा गठ्ठा बांधून आठवडी बाजार गाठणारा फेरीवाला. आमच्या धंद्यातील वडीलधाऱ्यांनी मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी या पट्ट्यात अशीच दुकानदारी केली. मोटारसायकल आली, टेम्पो आला आणि ती सायकल भिंतीला टेकली.

आता चौथा माणूस आला आहे. त्याच्या सायकलीला दोन्ही बाजूंनी थैल्या लटकतात, डोक्यावर टोप असतो आणि तो दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर चालवून मुक्काम करतो. परदेशात अशा प्रवाशांसाठी मोटारींना बंदी असलेले किंवा मोटारी जवळजवळ नसलेले लांब मार्ग आखले गेले आहेत. हे मार्ग कसे बनतात, त्यातून कोणाला रोजगार मिळतो आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या व्यापाऱ्या-कारागिरांनी त्यातून काय घ्यावे, हे या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

मार्ग कसा बनतो?

सामान लादलेल्या सायकलीचा मोठा शत्रू चढ. म्हणून असे मार्ग तीन ठिकाणी शोधले जातात: नदीचा काठ, कालव्याचा बांध आणि बंद पडलेल्या रेल्वेची जागा. नदी आपल्या उताराने जाते. कालव्याला पाणी वाहण्यापुरताच उतार असतो. रेल्वेचे इंजिन तीव्र चढ चढू शकत नाही, त्यामुळे डोंगरातही रुळांची वाट हलक्या चढानेच काढलेली असते.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते बाथ या बंद रेल्वेच्या जागेवर १९७९ ते १९८६ या काळात सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग तयार झाला. डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतील पासाऊहून ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरापर्यंत जाणारा तीनशे किलोमीटरहून अधिक लांबीचा मार्ग युरोपात फार लोकप्रिय आहे. दक्षिण कोरियात इंचॉन ते बुसान हा ६३३ किलोमीटरचा मार्ग मुख्यत्वे नद्यांच्या काठाने जातो. तो २०१२ साली खुला झाला. वाटेत ठिकठिकाणी लाल रंगाच्या खोल्या आहेत. प्रवासी तेथे आपल्या पुस्तिकेवर शिक्का मारतो. सगळे शिक्के जमवायचे म्हणून तो एकही टप्पा चुकवत नाही आणि त्याबरोबर वाटेतले एकही गाव चुकत नाही.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण अमेरिकेचे वाटेल. कंबरलँड ते पिट्सबर्ग हा सुमारे २४० किलोमीटरचा मार्ग २०१३ साली पूर्ण झाला. तो डोंगरातून जातो, पण जुन्या रेल्वेच्या जागेवर असल्यामुळे चढ दोन टक्क्यांच्या आत आहे. हा भाग कोळशाचा आणि पोलादाचा. ते धंदे मंदावल्यावर वाटेवरच्या लहान गावांनी सायकलवाल्यांसाठी खाणावळी, खोल्या आणि दुरुस्तीची दुकाने उघडली. कोळशाच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपण सर्वांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. खाण कायमची नसते.

हळू जाणारा गिऱ्हाईक

व्यापाऱ्याच्या नजरेने हिशेब सोपा आहे. मोटारीने नागपूरहून निघालेला माणूस तीन तासांत चंद्रपूरला पोहोचतो. वाटेतल्या गावांना त्याच्याकडून धुराशिवाय काही मिळत नाही. तेच अंतर सायकलवाला तीन दिवसांत कापतो. त्याला दर दोन तासांनी पाणी-चहा लागतो, दुपारी जेवण आणि रात्री अंथरूण लागते. पंक्चर तर कोठेही होते. मोटारवाल्याचा पैसा दोन टोकांना जमा होतो, सायकलवाल्याचा पैसा वाटभर सांडत जातो.

मात्र त्याच्याजवळ जागा नसते, म्हणून तो जड वस्तू घेत नाही. कोसा रेशमाचा दुपट्टा घेईल, लाकडी पलंग घेणार नाही. हलके, दुमडणारे आणि या मातीचे तेच विकले जाईल. बाकीचे पार्सलने घरी पाठवण्याची सोय दुकानदाराने ठेवावी.

आपल्याकडे काय आहे?

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत असा आखलेला मार्ग आज नाही. पण त्यासाठी लागणारी जमीन निसर्गाने आणि पाटबंधाऱ्यांनी तयार ठेवली आहे. वैनगंगा उत्तरेकडून येते, मार्कंड्याच्या पुरातन मंदिराला वळसा घालते, पुढे वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. त्याचा उजवा कालवा सुमारे ९९ किलोमीटर लांब असून तो ब्रह्मपुरीच्या बाजूने सावली तालुक्यातील ब्रिटिशकालीन आसोलामेंढा तलावाकडे येतो. कालव्याच्या देखरेखीसाठी कडेने रस्ता ठेवावाच लागतो. सपाट, मोटारींची गर्दी नसलेली आणि गावांना जोडणारी अशी वाट दुसरी कोठे मिळणार? जलसंपदा विभागाची परवानगी आणि मोजकी डागडुजी एवढ्यावर त्यातला एखादा टप्पा सुरू होऊ शकतो.

नागपूर-नागभीड ही नॅरोगेज रेल्वे २०१९ साली बंद झाली, तेव्हा तिच्या जागेवर सायकल मार्ग करावा असे कोणाला वाटेल. पण ती ब्रॉडगेजसाठी बंद केली आहे आणि या भागाला रेल्वेची गरज सायकलीपेक्षा मोठी आहे. तिचा विचार सोडलेला बरा.

वाघ, पूर आणि ग्रामसभा

येथे परदेशाची नक्कल चालणार नाही. ब्रह्मपुरी वनविभागात ताडोबाच्या हद्दीबाहेरही वाघ मोठ्या संख्येने आहेत. तेंदूपाने आणि मोहफुले वेचताना वाकलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात मरतात, हे आपण दरवर्षी पाहतो. सायकलवालाही वाकलेला असतो आणि आवाज न करता जातो. म्हणून ‘मोटारी नकोत’ याचा अर्थ ‘माणसे नकोत’ असा आपल्याकडे घेता येणार नाही. मार्ग धानाच्या शेतांतून, गावांच्या रांगेने गेला पाहिजे. जंगलाचा तुकडा आलाच तर दिवसा उजेडी, जथ्याने आणि वनखात्याच्या सल्ल्यानेच ओलांडावा. इमानदारीने सांगायचे तर आपला व्यापारही यातच आहे. गावातून जाणारी वाट दुकानाला गिऱ्हाईक देते, निर्मनुष्य जंगलातली वाट कोणालाच काही देत नाही.

दुसरी गोष्ट ऋतूची. पावसाळ्यात भामरागडकडे पर्लकोटेचा पूर रस्ता तोडतो आणि उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. सायकलीचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चारच महिने. जो धंदा चार महिने चालणार त्यासाठी बारा महिन्यांचे व्याज डोक्यावर घेणे शहाणपणाचे नाही आणि आपल्या दीनच्या दृष्टीने जायजही नाही. दोघा-तिघांनी भागीदारी करावी, चालू दुकानालाच जोड द्यावी, नवी इमारत बांधू नये.

तिसरी गोष्ट हक्काची. गडचिरोलीत पेसा कायदा १९९६ आणि वनहक्क कायदा २००६ यांमुळे ग्रामसभेचा शब्द मोठा आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. अशा गावातून वाट काढायची तर आधी ग्रामसभेत बसून विचारावे. ज्यांच्या अंगणातून पाहुणा जाणार, पहिला वाटा त्यांचा. आपल्या फेरीवाल्यांना या गावांनी वर्षानुवर्षे उधारी-विश्वासावर सांभाळले आहे, ते विसरता कामा नये.

आपली तयारी

मार्ग केव्हा होईल ते सरकार जाणे. पण सायकलवाले आजही अधूनमधून येतात आणि चार गोष्टी आजच करता येतात.

पंक्चरचे दुकान चालविणाऱ्या बांधवांनी एवढे करावे. महागड्या सायकलींच्या ट्यूबला बहुधा बारीक, ‘प्रेस्टा’ जातीचा वाल असतो, त्यावर आपला पंप बसत नाही. ते जोडणारे लहानसे पितळी टोपण घेऊन ठेवावे. ७०० मापाच्या दोन-चार ट्यूब, ब्रेकच्या आणि गिअरच्या तारा, सोल्यूशन ठेवावे. चाकाचा आऊट काढणे आणि छर्रे बदलणे आपल्या कारागिरांना येतेच, त्या हाताला तोड नाही.

शिंपी बांधवांनी ताडपत्रीच्या, पाणी न शिरणाऱ्या जोडथैल्या शिवून पाहाव्यात. पिंजारी बांधवांच्या स्वच्छ गाद्या-रजया मुक्कामाच्या खोलीला लागतील. खाणावळवाल्यांनी शाकाहारी पाहुण्यासाठी भांडी वेगळी ठेवावीत आणि तसे फलकावर लिहावे. आम्ही कापडवाल्यांनी आरमोरी भागातील कोसा ठेवावा. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर किडे पाळणाऱ्या ढीवर कुटुंबांची मेहनत त्यात आहे. मिसळीचा माल शुद्ध कोसा म्हणून कधीही विकू नये. माप-तोलातील खोटीबद्दल कुरआनने किती कडक इशारा दिला आहे, हे आपणांस सांगायला नको.

मुक्कामासाठी जर्मनीतील सायकलस्वारांच्या संघटनेने १९९५ पासून चालविलेली योजना पाहण्यासारखी आहे. तिच्या अटी साध्या आहेत: एका रात्रीच्या पाहुण्यालाही खोली द्यावी, सायकल कुलपात ठेवावी, ओले कपडे वाळवायला जागा असावी, न्याहारी पोटभर असावी, दुरुस्तीची हत्यारे हाताशी असावीत. यातले एकही काम असे नाही की जे आपल्या कसब्यातील सामान्य घराला जमणार नाही.

आज हा धंदा लहान आहे, त्यावर कोणी संसार उभा करू नये. पण वाट झाल्यावर जागे झालो तर बाहेरचा पैसेवाला येऊन हॉटेल बांधेल आणि आपली मुले तेथे भांडी घासतील. प्रवाशाची खातिरदारी ही आपल्याकडे आधीपासून नेकी मानली गेली आहे. तीच चोख आणि हलाल व्यवहाराने केली, तर इन्शाअल्लाह बरकतही होईल.