श्रीखंडाचा चमचा

आत्याच्या सिंकमध्ये सकाळी श्रीखंडाचा चमचा दिसला तेव्हा सगळ्यांचा संशय नातवावर गेला. नातू तर आदल्या दिवशीच होस्टेलवर परतला होता. फ्रिजमधला डबा अर्धा संपलेला, झाकण ओट्यावर, आणि आत्या शपथेवर सांगत होती की आपण रात्रभर कूससुद्धा बदलली नाही. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरोखरच काही आठवत नव्हतं. महिन्याभरापूर्वी तिच्या गोळ्यांत झोल्पिडेम या झोपेच्या गोळीची भर पडली होती.

मेंदूत ‘गाबा’ नावाचं एक रसायन असतं. मज्जापेशींची धावपळ शांत करणं हे त्याचं काम. झोपेच्या बहुतेक गोळ्या त्याचाच जोर वाढवतात. मात्र सगळा मेंदू एकाच वेळी मिटतो असं नाही. कधी कधी हातपाय हलवणारा भाग जागा राहतो आणि आठवण ठेवणारा झोपतो. मग माणूस उठतो, चालतो, खातो, गॅस पेटवतो, क्वचित गाडीही बाहेर काढतो, आणि सकाळी पाटी कोरी. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये झोल्पिडेम आणि त्याच्या दोन भावंडांच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, तो याच कारणासाठी. २६ वर्षांत त्यांच्याकडे अशा ६६ गंभीर घटनांची नोंद झाली होती आणि त्यातल्या २० जणांचा जीव गेला होता. लाखो लोक गोळी घेतात, त्यात ६६ म्हणजे किती, असं कुणी म्हणेल. पण हा आकडा फक्त नोंद झालेल्यांचा. शिवाय हे पहिल्याच रात्री, अगदी कमी डोसवरही घडू शकतं. एकदा घडलं की ती गोळी पुन्हा घ्यायची नाही, असं तो इशारा सांगतो.

दुसरी गोष्ट सकाळची. झोल्पिडेम अमेरिकेत १९९२ साली आलं. बायकांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडतं, सकाळी गाडी चालवताना धोका व्हावा इतकं रक्तात उरतं, म्हणून त्यांचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणा, असं नियामकाने सांगितलं ते २०१३ मध्ये. म्हणजे वीसेक वर्षं बायका पुरुषांच्या मापाची गोळी घेत होत्या, आणि सकाळी डोकं जड असलं की त्यांना ‘तुला आळस आलाय’ हे ऐकावं लागत होतं. मला याचा राग येतो.

आपल्याकडे घरोघरी दिसते ती मात्र जुनी मंडळी: अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, आणि एका पिढीची ‘काम्पोज’, म्हणजे डायझेपाम. अल्प्राझोलमचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला धडधाकट माणसात साधारण ११ तास लागतात, म्हातारपणी १६च्या आसपास. डायझेपामपासून शरीरात बनणारं पुढचं द्रव्य तर कित्येक दिवस रेंगाळतं. या गोळ्या स्नायूही सैल करतात. रात्री दोनला लघवीला उठलेली, चष्मा न लावलेली, दिवा न लावता ‘सवयीने’ चालणारी सत्तरीची बाई डोळ्यांपुढे आणा. न्हाणीघराचा ओला उंबरा, जाणारा तोल, आणि खुब्याचं हाड. पासष्टीपुढे या गोळ्या शक्यतो टाळा, असं वृद्धांचे डॉक्टर म्हणतात ते यामुळे. त्यावर दारू किंवा अफूच्या वर्गातली वेदनाशामकं घेतली तर श्वासच मंदावतो.

आत्याला अल्प्राझोलम मिळाली काकांच्या तेराव्यानंतर, ‘पंधरा दिवसांसाठी’. त्याला नऊ वर्षं झाली. शरीर सरावतं, गोळी पूर्वीइतकी लागू पडत नाही. एखाद्या रात्री बंद केली तर झोप आधीपेक्षाही वाईट लागते, छाती धडधडते, आणि माणूस म्हणतो, बघा, गोळीशिवाय झोपच नाही! खरं तर ती निद्रानाशाची नव्हे, गोळी सुटल्याची रात्र असते. आणि बरीच वर्षं घेतलेली गोळी एकदम तोडली तर फिट येऊ शकते, म्हणून हा प्रयोग घरच्या घरी करू नये.

आपल्याकडे १ मार्च २०१४पासून अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं ‘एच-१’ यादीत आहेत. वेष्टनावर लाल चौकट असते, आणि दुकानदाराने डॉक्टरचं व रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची असते. आत्याची चिठ्ठी लॅमिनेट केलेली होती. कोपऱ्यावरचा केमिस्ट ती बघतही नसे. ‘दादा, नेहमीची पट्टी’ एवढं पुरायचं.

श्रीखंडानंतर डॉक्टरांनी झोल्पिडेम बंद केलं आणि अल्प्राझोलम हळूहळू उतरवायला घेतली. दुपारची दीड तासाची झोप आणि संध्याकाळचा चहा बंद, आणि झोप आल्याशिवाय पलंगावर पाठ टेकायची नाही. झोपेचं वेळापत्रक आणि तिच्याविषयीची धास्ती दोन्ही बदलणारी ही उपचारपद्धती दीर्घ निद्रानाशात गोळीआधी वापरावी, अशी शिफारस अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्येच केली आहे. आत्याला ती अजिबात पटलेली नाही. ‘चहा सोडून कुणाला झोप लागलीय?’ असं ती रोज विचारते.

तरी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिने निळ्या पेनने खुणा केल्यात. अख्खी गोळी म्हणजे गोल, पाऊण म्हणजे एक फाक कापलेला गोल. या महिन्यात अर्धे चंद्र दिसायला लागलेत. एकादशीच्या चौकोनात मात्र तिने रागाने पुन्हा पूर्ण गोल काढलाय.