हरलेला सामना, जिंकलेले सुवर्ण

स्क्वॉश हा एकांड्या शिलेदाराचा खेळ. चार भिंतींत दोघेच खेळाडू, आणि रबराचा एक लहानसा चेंडू. तोही तापल्यावाचून नीट उसळत नाही. हॅरोच्या इंग्रजी शाळेत जन्मलेला हा खेळ आपल्याकडे फार काळ जिमखान्यांच्या आश्रयाने राहिला. मुंबईच्या महेश माणगावकरने मात्र त्यालाच आपला व्यवसाय केले. २०१४ साली इंचॉनच्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारताने स्क्वॉशचे पहिले सांघिक सुवर्णपदक मिळविले, त्या संघात तो होता.

पुढे ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगचौ येथे अंतिम फेरीत गाठ पडली ती पाकिस्तानशी. सांघिक लढतीत सामने तीन. दोन जिंकील तो विजयी. पहिलाच सामना माणगावकरचा होता, आणि नासिर इक्बालने तो सरळ तीन डावांत जिंकला. आता ते नुकसान भरून काढणे त्याच्या हाती उरले नव्हते. सौरव घोषालने दुसरा सामना जिंकून बरोबरी साधली. तिसऱ्यात अभय सिंग नूर झमानपुढे दोनदा पराभवापासून केवळ एका गुणावर येऊन ठेपला, सावरला, आणि पाचवा डाव त्याने १२-१० असा जिंकला. माणगावकरचे हे दुसरे आशियाई सुवर्णपदक.