थेंबात मावलेले जास्वंद

दहावीचा 'प्रकाशाचे अपवर्तन' हा धडा आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. नियम पाठ करून घेतले, आकृत्या काढून घेतल्या. गेल्या हिवाळ्यात मात्र पाण्याने भरलेल्या एका ग्लासाने आमचीच परीक्षा घेतली. "ग्लासामागे कागद धरा, अक्षरे उलटी दिसतील," असे आम्ही ठासून सांगितले. मुलांनी कागद ग्लासाला चिकटवून धरला आणि अक्षरे नुसती रुंद झाली! वर्गात खसखस पिकली. कागद वीतभर मागे नेला तेव्हा ती उलटली, पण खाली डोके वर पाय अशी नव्हे. फक्त डावी बाजू उजवीकडे गेली. उर्दूत लिहिलेला 'सलाम' चक्क डावीकडून सुरू झाला.

हवेतून पाण्यात शिरताना प्रकाशाचा वेग कमी होतो आणि तिरपा किरण वळतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, काचेचा साधारण १.५. ग्लास आडव्या दिशेने गोल पण उभ्या दिशेने सरळ, म्हणून तो चित्र आडवेच पालटतो. थेंब सगळीकडून गोल. त्यात चित्र वर-खालीही उलटते. (हा नियम पुस्तकात स्नेल यांच्या नावाने आहे. बगदादच्या इब्न सहल यांनी तो इ.स. ९८४ च्या सुमारासच भूमितीने मांडला होता, हे आम्ही मुलांना आवर्जून सांगतो.)

छायाचित्रकार याच थेंबाला भिंग बनवतात. आमच्या वर्गातील एका मुलीने ते मनावर घेतले. मुलींचे फोटो मोबाइलवर नकोत, असा तिच्या घरचा दंडक, मोबाइलही अब्बांचा. फुलाला कोण हरकत घेणार?

गवताच्या पात्याच्या टोकावर तिने थेंब लटकवला. तो टिकेना, म्हणून पाण्यात थोडे ग्लिसरीन घातले. मागे वीतभर अंतरावर जास्वंद उलटे बांधले, म्हणजे थेंबात ते सुलटे दिसते. मोबाइल फार जवळ नेला की चित्र धूसर होते, म्हणून कॅमेऱ्यापुढे घड्याळजीचे भिंग धरले. खरी मेख पुढेच आहे. पडद्यावर बोट थेंबाच्या कडेवर नव्हे, आतल्या फुलावर ठेवायचे. नाहीतर थेंब स्पष्ट येतो आणि फूल पुसट. वारा असेल तर सगळेच मुसळ केरात.

थेंबाऐवजी काचेचा गोळा किंवा पाण्याची गोल बाटली घेतली तरी चालते, पण सावलीतच. उन्हात ती किरण एका बिंदूवर गोळा करते. कागद, पडदा पेटू शकतो. लहान मुले घरात असतील तर फोटो झाल्यावर गोळा खिडकीत विसरू नये.

तीन सकाळी वाया गेल्या. चौथ्या दिवशी वाटाण्याएवढ्या थेंबात अख्खे जास्वंद उतरले, पाकळीवरच्या शिरांसकट. अब्बांनी फोटो बराच वेळ न्याहाळला आणि विचारले, "बेटा, हे फूल आत घातले कसे?"

तिने त्यांना ग्लास आणायला सांगितला. आता रविवारी सकाळी मोबाइल तिच्याकडे असतो, आणि पाते अब्बा धरतात.